कासाराला आधी कळलं: सुजलेल्या हाताचा चारशे वर्षांचा इतिहास

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात आमच्या घरातून.

माझ्या ताईचं लग्न होतं, कराडला. लग्नाच्या दोन दिवस आधी ओसरीवर चुडा भरायचा कार्यक्रम. नवरीचा हिरवा चुडा भरून झाला की घरातल्या बाकीच्या बायका एकेक करून कासारापुढे बसतात, तुम्ही पाहिलं असेलच. मावशीची पाळी आली. आमचे कासारकाका म्हणजे वीस-पंचवीस वर्षं त्याच घरात बांगड्या भरणारे. त्यांनी मावशीचा डावा हात घेतला, जरासा दाबला आणि दोन-चारच्या बांगड्या सरसर चढवल्या. मग उजवा हात घेतला. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. दुसरी फुटली. काका थांबले, हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, या हाताला दोन-सहा लागेल. आधी असं नव्हतं."

आम्ही सगळ्या हसलो. मी तेव्हा बारावीत होते. "मावशी, एकाच हाताने पुरणपोळ्या खाल्ल्यास काय?" हे वाक्य माझंच.

त्याच्या दीड वर्ष आधी मावशीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, उजव्या बाजूचं. काखेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या होत्या. घरी सोडताना एकच सूचना मिळाली होती: या हाताने जड उचलू नका. हात का सुजेल, कधी सुजेल, सुजला तर कुणाकडे जायचं, यातलं काही कुणी बोललं नव्हतं. त्यामुळे हाताकडे बघून पहिल्यांदा काहीतरी बोलला तो माणूस म्हणजे कासार. आणि त्यानंतर नीट निदान व्हायला आणखी दोन वर्षं गेली.

या आजाराचं नाव लिम्फिडिमा. या भागासाठी वाचायला बसले तेव्हा वाटलं होतं, उशीर होणं ही फक्त आमच्या घरातली चूक असेल. पण या आजाराचा सगळा इतिहासच उशिराचा आहे.

चला, १६२२ मध्ये जाऊ. उत्तर इटलीत गॅस्पारे असेल्ली नावाचा शरीरशास्त्रज्ञ काही मित्रांसमोर एक कुत्रा फाडून दाखवत होता. जिवंत कुत्रा, हो. वाचताना मलाही कसंतरी झालं. पोट उघडल्यावर त्याला आतड्यांवर पांढऱ्या धाग्यांचं जाळं दिसलं. आधी त्याला वाटलं या नसा आहेत, म्हणजे संवेदना नेणाऱ्या. त्याने एक कापली तर आतून दुधासारखा द्रव बाहेर आला. मग उपाशी कुत्र्यात हेच शोधलं, तर काही दिसेना. पहिल्या कुत्र्याने नुकतंच खाल्लं होतं आणि जेवणातली चरबी त्या नळ्यांतून चालली होती. असेल्ली १६२५ मध्ये वारला. त्याचं पुस्तक दोन वर्षांनी छापलं गेलं, त्यातली चित्रं रंगीत होती.

पुढे १६५० च्या दशकात स्वीडनचा ओलाउस रुडबेक आणि डेन्मार्कचा थॉमस बार्थोलिन यांनी दाखवलं की अशा नळ्या आतड्यापुरत्या नाहीत, शरीरभर आहेत. दोघांत "आधी कोणी शोधलं" यावरून असं भांडण जुंपलं की आजच्या कमेंट सेक्शनमध्येही शोभलं असतं. नाव मात्र बार्थोलिनचं टिकलं. लॅटिनमध्ये 'लिम्फा' म्हणजे नितळ पाणी.

हे पाणी येतं कुठून? रक्त केशवाहिन्यांमधून फिरताना थोडं पाणी आणि थोडी प्रथिनं बाहेर झिरपत राहतात. दिवसाकाठी काही लिटर. हे गोळा करून परत रक्तात नेऊन सोडायचं काम लसिकावाहिन्यांचं. वाटेत काख, जांघ, मान इथे लसिकाग्रंथी असतात, नाक्यावरच्या तपासणीसारख्या. आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचा सगळा भाग तिच्यावर उभा आहे: या व्यवस्थेला हृदयासारखा मोठा पंप नाही. या नळ्या स्वतः हळूहळू आकुंचन पावतात आणि बाकीचा जोर आजूबाजूच्या स्नायूंच्या हालचालीतून, श्वासातून मिळतो. म्हणजे हात हलला तर हातातलं पाणी पुढे सरकतं.

काखेतला नाका काढून टाकला किंवा रेडिएशनने तिथली वाट आक्रसली, की मागे पाणी तुंबायला लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात गटाराचं तोंड बंद झालं की काय होतं, तेच. फक्त इथे पाण्यात प्रथिनं असतात. ती तिथेच राहिली तर काही महिन्यांत, वर्षांत तिथली ऊती घट्ट व्हायला लागते, चरबी साठते. आधी बोटाने दाबलं तर खड्डा पडणारी सूज नंतर दाबली तरी दबत नाही. इथे वेळेचा प्रश्न येतो. पहिल्या टप्प्यातली सूज उतरते. शेवटच्या टप्प्यातली बऱ्याच अंशी तशीच राहते.

आता दोन तारखा शेजारी शेजारी ठेवते.

१८९२. बेल्जियममधल्या लिएज शहरात अलेक्झांडर फॉन विनिवार्टर नावाचा ऑस्ट्रियन सर्जन शिकवत होता. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध बिलरोथचा हा विद्यार्थी. त्याने हत्तीरोगासारख्या सुजेवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि उपचार सांगितला: पाय किंवा हात उंच ठेवा, विशिष्ट पद्धतीने हलका मसाज करा, पट्ट्यांनी दाब द्या, व्यायाम करा. आज फिजिओथेरपिस्टकडे गेलात तर यातलंच बरंचसं मिळेल. स्वतः सर्जन असून चाकू बाजूला ठेवायला सांगणारा माणूस, मला त्याचं कौतुक वाटतं.

१८९४. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉल्स्टेडने स्तनाच्या कॅन्सरवरच्या आपल्या ऑपरेशनचे निष्कर्ष छापले. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी, सगळं एकत्र काढायचं. त्या काळात कॅन्सर पुन्हा त्याच जागी उगवायचा, त्यावर हा मोठा उपाय ठरला आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभर हेच ऑपरेशन चाललं. जीव वाचलेल्या बायकांचे हात सुजायला लागले. म्हणजे ज्या काळात उपाय लिहून झाला होता, त्याच काळात तो उपाय लागणाऱ्या बायकांची संख्या वाढायला सुरुवात झाली. आणि दोन्ही गोष्टी एकमेकांना भेटल्याच नाहीत.

हॉल्स्टेडने या सुजेकडे दुर्लक्ष केलं असं नाही. १९२१ मध्ये, मृत्यूच्या एक वर्ष आधी, त्याने त्यावर स्वतंत्र लेख लिहिला आणि तिला नाव दिलं 'सर्जिकल हत्तीरोग'. पण सर्जनांची नजर ऑपरेशनकडेच होती. १९०८ मध्ये लंडनच्या सॅम्पसन हँडलीने सुजलेल्या हातात कातडीखाली रेशमाचे लांब धागे घातले, की त्या वातीवरून पाणी वर चढून निघून जाईल. कल्पना किती सुंदर! उपयोग फारसा झाला नाही. नंतर तर सुजलेली कातडी आणि खालची चरबी थेट सोलून काढायची, वर त्वचेचं कलम लावायचं, अशीही ऑपरेशन्स झाली. विनिवार्टरचं पुस्तक कपाटात राहिलं.

ते कपाट पुन्हा उघडलं ते एका अशा माणसाने ज्याच्याकडे डॉक्टरची पदवी नव्हती. एमिल वॉडर, डेन्मार्कचा. १९३० च्या दशकात तो आणि त्याची बायको एस्ट्रिड फ्रान्सच्या किनाऱ्यावर कान शहरात मसाजचं काम करायचे. हो, फिल्म फेस्टिव्हलवालं कान. त्यांच्याकडे सतत सर्दीने बेजार झालेली, मानेतल्या ग्रंथी सुजलेली माणसं यायची. त्या काळी सुजलेल्या ग्रंथींना हात लावायचा नाही असा दंडक होता. वॉडरने हात लावला. जोरात चोळून नाही. मोराचं पीस फिरवावं इतक्या हलक्या, गोलाकार, कातडी जराशी ताणणाऱ्या स्पर्शाने. १९३६ मध्ये पॅरिसमध्ये त्याने हे जाहीरपणे दाखवलं. डॉक्टरांनी फार मनावर घेतलं नाही, सौंदर्योपचार करणाऱ्यांनी मात्र उचलून धरलं.

१९६० च्या दशकात जर्मनीत योहानेस आस्डोंक या डॉक्टरने हे तंत्र रुग्णांवर पद्धतशीर तपासलं. मग हंगेरीहून आलेले मिशाएल फोल्डी आणि त्यांची पत्नी एथेल यांनी ब्लॅक फॉरेस्टमधल्या हिंटरझार्टेन गावी आपल्या क्लिनिकमध्ये चार गोष्टी एकत्र बांधल्या: त्वचेची काळजी, हलका मसाज, न ताणणाऱ्या पट्ट्यांचा दाब आणि त्या पट्ट्या बांधलेल्या असतानाच व्यायाम. आधी काही आठवडे रोज, जोरकस. मग आयुष्यभर घरी, स्वतःच्या हाताने. सुजेसाठी लघवीच्या गोळ्या देऊन काम होणार नाही, कारण प्रथिनं तिथेच अडकून राहतात, हेही फोल्डींनी ठासून सांगितलं.

मावशीला शेवटी पुण्यात अशी एक फिजिओथेरपिस्ट मिळाली. तिने पहिल्या दिवशी मावशीच्या हाताला हातच लावला नाही. आधी मान, मग डावी काख, मग छाती. मावशी घरी येऊन म्हणाली, "अगं, दुखतंय एकीकडे आणि ही चोळतेय भलतीकडे!" मी त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सिंहगड रोडवर ट्रॅफिक तुंबलाय, तर पोलीस आधी कुठे जाईल? पुढच्या चौकात. पुढचा चौक मोकळा झाला तरच मागची गाडी हलेल. नंतर बोटांपासून काखेपर्यंत कापूस आणि पट्ट्यांचे थर. हात क्रिकेटच्या पॅडसारखा दिसायचा आणि तशा हाताने मावशी पोळ्या लाटायची. त्यांनीच लाटायला सांगितलं होतं.

आणि इथे आपण त्या एका सूचनेकडे परत येतो. जड उचलू नका.

ही सूचना जगभर, पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. हेतू चांगलाच होता. व्यायामाने रक्तपुरवठा वाढेल, पाणी जास्त झिरपेल, हात सुजेल असं वाटायचं. कुणी तपासून मात्र पाहिलं नव्हतं. १९९६ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरने स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर आलेल्या चोवीस बायकांना घेतलं आणि ड्रॅगन बोटीत बसवलं. ड्रॅगन बोट म्हणजे लांबलचक होडी, दोन-दोनच्या रांगा, आणि खांद्यापासून जोर लावून वल्ही मारायची. सर्वसाधारण सल्ल्याच्या बरोबर उलटं. आधी काही महिने जिममध्ये तयारी, मग पाण्यात. हंगाम संपला तरी एकीलाही नव्याने लिम्फिडिमा झाला नाही. चोवीस म्हणजे लहान आकडा, यावरून सिद्ध काही होत नाही. पण भीतीला पहिली चीर गेली. आज अशा बायकांच्या बोटी जगात अनेक देशांत आहेत.

सिद्ध करायचं काम १३ वर्षांनी झालं. कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी आधीच हात सुजलेल्या १४१ बायकांना दोन गटांत विभागलं. एका गटाने वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, हळूहळू वाढवत, सुरुवातीला प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि हाताला दाबाची स्लीव्ह घालून. वजन उचलणाऱ्यांचे हात जास्त सुजले नाहीत. उलट सूज अचानक उसळण्याचे प्रसंग त्यांच्यात १४ टक्के, दुसऱ्या गटात २९ टक्के. हे २००९ साली छापून आलं. मावशीचं ऑपरेशन त्यानंतरचं आहे. ती पाण्याची कळशी उचलत नव्हती, नातवाला कडेवर घेत नव्हती, हात पोटाशी धरून बसायची. ज्या स्नायूंनी पाणी पुढे ढकलायचं, तेच आम्ही सगळ्यांनी मिळून बसवून ठेवले.

मग लवकर ओळखलं तर नेमका किती फरक पडतो? २००८ मध्ये अमेरिकेत बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयातल्या अभ्यासात १९६ बायकांचे हात ऑपरेशनच्या *आधीच* मोजून ठेवले आणि नंतर ठराविक महिन्यांनी मोजत राहिले. ४३ जणींच्या हाताचं आकारमान डोळ्यांना दिसणारही नाही इतकं, पण तीन टक्क्यांहून जास्त वाढलेलं सापडलं. त्यांना तयार मिळणारी साधी स्लीव्ह चार आठवडे घालायला दिली. हात जवळपास मूळ मापावर आले. पट्ट्यांचे थर नाहीत, रोजची थेरपी नाही.

स्पेनमध्ये, सर्व्हांटेसच्या जन्मगावी अल्काला दे एनारेसला, १२० बायकांवर प्रयोग झाला. तो २०१० मध्ये छापला गेला. सगळ्यांना माहिती दिली, पण निम्म्या जणींना ऑपरेशननंतर लगेच तीन आठवडे फिजिओथेरपीही दिली. वर्षभराने फिजिओथेरपीवाल्या गटात चौघींना लिम्फिडिमा, दुसऱ्यात चौदा जणींना. टक्क्यांत ७ आणि २५. तुम्हाला वाटेल, झालं, मसाजच करून घ्यायचा. थांबा. पुढच्याच वर्षी बेल्जियममध्ये, विनिवार्टरच्या त्याच देशात, दुसऱ्या एका प्रयोगात व्यायाम आणि मार्गदर्शन दोन्ही गटांना देऊन फक्त एकाला मसाज जोडला, तर मसाजने सूज टाळण्यात काही खास फायदा दिसला नाही. त्यामुळे "मसाजने शंभर टक्के बरं" असं रील कुणी पाठवलं तर जरा जपून. माझं मत विचाराल तर मसाजपेक्षा मोजपट्टी, हालचाल आणि दाब यांचं पारडं जड आहे, आणि त्याहून जड म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवून असणं.

सगळ्यांनाच हे होतं असंही नाही बरं का. काखेतल्या बऱ्याच ग्रंथी काढल्या तर अंदाजे पाचातल्या एकीला, आणि १९९० च्या दशकापासून आलेल्या पद्धतीत पहिल्या एक-दोनच ग्रंथी तपासून थांबलं तर साधारण वीसातल्या एकीला.

आपल्याकडे या आजाराचा दुसरा, फार जुना चेहरा आहे: हत्तीपाय. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा या भागातल्या कुणी हा भाग ऐकत असेल तर त्यांना रात्री रक्त तपासायला येणारं आरोग्य खात्याचं पथक आठवेल. रात्रीच, कारण डासातून आलेल्या त्या जंतांची पिल्लं रात्री रक्तात उतरतात. इथे लसिकावाहिन्या चाकूने नाही, जंतांनी निकामी होतात. ब्राझीलच्या रेसिफे शहरात जेरुसा ड्रेयर या डॉक्टरने १९९० च्या दशकात दाखवलं की पाय वाढत जातो तो मुख्यतः बोटांच्या बेचक्यांतून शिरणाऱ्या जिवाणूंच्या वारंवार हल्ल्यांमुळे. ताप येतो, पाय लाल होतो आणि प्रत्येक वेळी सूज थोडी कायमची होते. उपाय? साबण, स्वच्छ पाणी, बेचके कोरडे करणं, पाय उंच ठेवणं, घोटा हलवणं. आपल्या आरोग्य केंद्रातून हत्तीपायाच्या रुग्णांना टब, मग, साबण आणि टॉवेल मिळतो तो यासाठी. लोकांना ती भेटवस्तू वाटते. ते औषध आहे.

आता हेडफोन काढू नका, पण चप्पल काढा. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूला, कातडीची चिमूट धरा. उचलली गेली ना? स्ट्रासबर्गच्या रॉबर्ट स्टेमरने १९७६ मध्ये हे लिहिलं: तिथली चिमूट धरताच आली नाही, तर लिम्फिडिमाचा दाट संशय. मात्र सुरुवातीला चिमूट येऊ शकते, म्हणून ती आली की सुटलो असं समजायचं नाही.

सुरुवातीच्या खुणा याहून बारीक असतात. संध्याकाळी हात जड वाटतो. घड्याळाचा पट्टा एक भोक पुढे सरकतो. अंगठी निघत नाही, ब्लाउजची एकच बाही काचते. आणि सकाळी सगळं जागेवर. हा 'सकाळी उतरतं' फार फसवा आहे. मावशी दीड वर्ष हेच म्हणत होती, रात्री झोपलं की उतरतं गं. पहिला टप्पा तोच होता. हात अचानक दुखून, लाल होऊन, तापासह सुजला किंवा एकच पाय एकाएकी सुजला तर मात्र फिजिओथेरपिस्टची वेळ घेत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तो संसर्ग किंवा रक्ताची गुठळी असू शकते.

मावशीचा हात बराच उतरला, पूर्ण नाही. कोपराच्या वरचा भाग घट्टच राहिला. ती रोज स्लीव्ह घालते, उन्हाळ्यात शिव्या घालत घालते. अर्धा किलोच्या डंबेलपासून सुरुवात केली होती, आता तीन किलोवर आहे. नातू कडेवर मावत नाही इतका मोठा झाला, ते राहिलंच. बांगड्या दोन मापांच्या घेते. त्या ओसरीवरच्या विनोदाबद्दल मी तिची माफी मागितली, तर म्हणाली, "तू काय, मी पण हसले होते की."

मागच्या महिन्यात शेजारच्या वहिनींचं तेच ऑपरेशन ठरलं. आदल्या रात्री मावशी शिवणाची टेप घेऊन त्यांच्याकडे गेली. मनगट, मग तिथून दर दहा सेंटीमीटरवर पेनाची खूण, काखेपर्यंत. दोन्ही हात. आकडे कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिले, खाली तारीख घातली आणि वहिनींच्या सुनेला म्हणाली, "दर महिन्याच्या एक तारखेला, संध्याकाळी, हेच मोजायचं. दोन सेंटीमीटरचा फरक दिसला तर मला फोन कर. त्याच्या आधी काही वाटलं तरी कर."